स्प्लीनआधी श्वास विचारा: मेडिसिनच्या प्रात्यक्षिक परीक्षकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांत एमबीबीएस आणि एमडी मेडिसिनच्या प्रात्यक्षिक परीक्षा घेणारे सर्व अंतर्गत व बहिःस्थ परीक्षक

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलाच एक. तुमच्याबरोबर परीक्षेच्या टेबलावर बसलेला, तोच गार झालेला चहा प्यायलेला. हे पत्र कुणा एका कॉलेजबद्दल नाही आणि एका परीक्षेबद्दलही नाही. पत्राचे निमित्त आहे एक आकडा: 20.

मेडिसिनच्या वॉर्डातले कुठलेही पाच केस पेपर काढा आणि रेस्पिरेटरी रेटचा, म्हणजे मिनिटाला किती श्वास याचा, रकाना बघा. 18 नाहीतर 20. न्यूमोनियाचा पेशंट आहे, 20. कीटोअॅसिडोसिसमध्ये (मधुमेहात रक्त आम्लयुक्त होते त्यात) खोल खोल श्वास ओढणारी बाई आहे, 20. डिस्चार्ज कार्डाची वाट बघत खाटेवर मोबाइल चाळत बसलेला तरुण आहे, त्यालाही 20. महाराष्ट्राची सगळी जनता एका तालात श्वास घेते असे समजायचे का?

हा आकडा कुणी मोजत नाही, तो लिहिला जातो. आणि नेमका हाच आकडा का, याचे मला फार वाईट वाटते. ब्रिटनमध्ये वापरात असलेली न्यूज-टू ही गुणपद्धत बघा. खाटेवरचा पेशंट ढासळतो आहे का, हे वेळेत कळावे म्हणून ती आखली आहे. तीत श्वास मिनिटाला 12 ते 20 असला तर शून्य गुण, 21 ते 24 असला तर 2, आणि 25 किंवा जास्त असला की थेट 3. सेप्सिसचा (जंतुसंसर्गाने अवयव ढासळण्याचा) संशय घेण्यासाठी 2016 मध्ये आलेल्या क्यूसोफा या गुणपद्धतीतही सीमा 22 ची. म्हणजे आमचा इंटर्न न मोजता जो आकडा लिहितो, तो धोक्याच्या घंटेच्या अगदी एक पायरी अलीकडचा. घंटा वाजूच नये अशी ही चोख व्यवस्था. नाडी आणि बीपी बिघडायच्या कितीतरी आधी श्वास वाढतो, हे आपण सगळेच लेक्चरमध्ये सांगतो. वॉर्डात मात्र तो रकाना भरायची जागा होऊन बसला आहे.

आता गडचिरोलीकडे बघा. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने तिथल्या दाईंना आणि आरोग्यदूतांना बाळांचा न्यूमोनिया ओळखायला शिकवले. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि सरकवायचे मणी असे साधन बनवले. दोन महिन्यांखालच्या बाळाला मिनिटाला 60 किंवा जास्त, त्यानंतर वर्षाच्या आतल्या बाळाला 50 किंवा जास्त श्वास असेल तर तो जलद, एवढी सीमा मण्यांनी दाखवायची. या कामातून बालमृत्यू घटल्याचा शोधनिबंध 1990 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईने पूर्ण मिनिटभर बाळाच्या छातीकडे बघून श्वास मोजला. साडेपाच वर्षांचे शिक्षण, मनगटावर स्मार्टवॉच, आणि आपला विद्यार्थी मात्र अंदाजपंचे.

यात दोष विद्यार्थ्याचा म्हणून हात झटकणे सोपे आहे. मला तसे वाटत नाही. विद्यार्थी तेच शिकतो जे तुम्ही-आम्ही विचारतो. आणि आपण काय विचारतो? लाँग केसला (एका पेशंटची सविस्तर तपासणी) स्प्लीन म्हणजे प्लीहा किती बोटे वाढली, मर्मर (हृदयातला जादा आवाज) कुठे पसरतो, ट्राउबेची जागा (डाव्या बरगड्यांखालचा भाग) ठोकल्यावर डल आहे का. मायट्रल स्टेनोसिसचा (हृदयाची झडप अरुंद झालेला) पेशंट डाव्या कुशीवर वळवून स्टेथोस्कोपच्या बेलने ऐकला का. हे सगळे सुंदर आहे, मलाही आवडते. पण परीक्षेसाठी आणलेला तो पेशंट स्थिर असतो, दरवर्षी येतो, आणि विद्यार्थ्याला हळूच सांगतोही, "डॉक्टर, माझा मायट्रल आहे, लिहा." त्याच्या जिवाला त्या दिवशी काही धोका नसतो. आपण कौशल्य तपासतो ते जिथे चूक झाली तरी कुणाचे काही बिघडत नाही तिथे. रात्री दोनला कॅज्युअल्टीत ज्या तपासणीवर माणूस जगतो किंवा मरतो, तिला आपल्या परीक्षेत एक गुणही नाही.

2015 मध्ये अमेरिकेतले डॉक्टर-लेखक डॉ. अब्राहम वर्गीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये 208 घटना मांडल्या. शारीरिक तपासणीतल्या त्रुटीमुळे पेशंटला फटका बसल्याच्या, डॉक्टरांनी स्वतः कळवलेल्या. कळवलेल्या घटना असल्यामुळे त्यावरून एकूण प्रमाण काढता येत नाही, हे मान्य. पण त्यांच्या आतली वाटणी बघा. 63 टक्के घटनांत तपासणी केलीच नव्हती. चिन्ह सापडले पण अर्थ चुकीचा लावला, असे फक्त 14 टक्के. आणि 76 टक्के घटनांत निदान चुकले नाहीतर उशिरा झाले. म्हणजे बारीक कान नसल्याने फारसे नुकसान होत नाही. पांघरूण न उचलल्याने होते.

पोटदुखी आणि उलट्या घेऊन आलेल्या म्हातारीची मांडी-जांघ न बघता 'पी/ए सॉफ्ट' (पोट मऊ आहे) लिहून टाकायचे, आणि अडकलेला हर्निया तिथेच लुगड्याखाली. पोटात दुखते म्हणणाऱ्या पोराची चड्डी खाली न केल्याने पीळ पडलेला वृषण तासन्‌तास तसाच. साखरेच्या पेशंटचे मोजे न काढल्याने बोटांच्या बेचक्यातली जखम न दिसलेली. आठवडाभर उताणा पडलेल्या पक्षाघाताच्या पेशंटची पाठ कुणी पाहिलेलीच नाही. या चारही गोष्टींना स्टेथोस्कोपसुद्धा लागत नाही.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो, कारण ते आपल्या मातीतले आहे आणि दर पावसाळ्यात घडते.

पहाटेची वेळ. शेतातल्या वस्तीवरून पंचविशीचा गडी येतो. रात्री जमिनीवर झोपला होता. पोटात कळा, दोन उलट्या, घसा दुखतो, गिळायला त्रास. अंगावर जखम नाही, सूज नाही, साप कुणी पाहिलेला नाही. त्याला काय मिळते? अॅसिडिटीचे इंजेक्शन, आणि बाकड्यावर जागा. दोन तासांत त्याचा श्वास थांबायला लागतो. त्याला मण्यार हा साप चावलेला असतो. मण्यारीचे दात बारीक, दंश बहुतेकदा दुखतही नाही, खूण शोधून सापडत नाही. आधी पोट दुखते, मग पापण्या पडतात, मग घसा आणि मान, शेवटी छातीचे स्नायू. हे सगळे आपण शिकवतो, पण 'सर्पदंश' या धड्यात. पेशंट मात्र 'पोटदुखी' या नावाने येतो.

त्याला वाचवणारी तपासणी दोन मिनिटांची आहे. मान सरळ ठेवून वर बघायला सांगा, नजर वरच धरून ठेवायला सांगा आणि पापण्यांकडे बघा. कपाळाला आठ्या घालून तो पापण्या ओढून धरत असेल तर अंगठ्याने भुवया दाबून धरा आणि पुन्हा बघा. उशीवरून मान उचलायला सांगा. एका श्वासात मोठ्याने आकडे म्हणायला सांगा आणि कुठवर गेला ते लिहून ठेवा. अर्ध्या तासाने पुन्हा म्हणायला लावा. आधी 25 पर्यंत जाणारा आता 12 वर अडकतो आहे, हे कळले की एएसव्ही (सापाच्या विषावरचे औषध), अॅम्ब्यू बॅग (हाताने श्वास द्यायची पिशवी) आणि रेफरलची गाडी या तिन्हींची तयारी वेळेत होते. घोणस किंवा फुरशाचा संशय असेल (त्यांच्या विषाने रक्त गोठणे बिघडते) तर स्वच्छ, कोरड्या काचेच्या ट्यूबमध्ये दोन मिली रक्त घेऊन 20 मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग तिरपे करून गोठले का ते बघायचे. ट्यूब प्लॅस्टिकची असली किंवा डिटर्जंटने धुतलेली असली तर गोठणारे रक्तही न गोठल्याचे सोंग करते. ही ट्यूब कुठल्या कपाटात आहे, हे किती इंटर्नना माहीत असते? आपल्यापैकी कितींना माहीत आहे?

आणि याच मण्यारीच्या दंशात तपासणी फसवतेही. पूर्ण पांगळा झालेला पेशंट डोळे उघडत नाही, हात हलवत नाही, बाहुल्या मोठ्या आणि प्रकाशाला न हलणाऱ्या. बॅटरी मारून बघणारा मनात म्हणतो, ब्रेन डेड. तो माणूस आत जागा असू शकतो, खाटेशेजारी चाललेले बोलणे ऐकत असू शकतो, आणि व्हेंटिलेटरवर काही दिवस तग धरला तर चालत घरी जाऊ शकतो. चिन्ह कधी मानायचे नाही, हेही तपासणीचेच शिक्षण आहे.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे नाव आपल्याकडे कौतुकाने घेतले जाते. लाल विंचवाच्या दंशाचे पेशंट कोकणात दगावत होते तेव्हा त्यांनी खाटेशेजारी बसून काय टिपले? उलटी, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, पुरुषांत लिंगाची ताठरता. ही चिन्हे दिसली की हृदयावर संकट येणार, हे त्यांनी 1982 मध्ये 'लॅन्सेट'मधून जगाला सांगितले आणि पुढे प्राझोसिन या औषधाने ते संकट टाळता येते हेही दाखवले. हातपाय गार आहेत का, हे बघायला पंजा लागतो. तेवढाच लागतो.

आता बीपीकडे येतो. इथे तर आपण सगळे एकाच माळेचे मणी. पेशंट धावतपळत आला, उभ्याउभ्या हात पुढे केला, शर्टाच्या बाहीवरून पट्टा गुंडाळला, त्याच्याशी गप्पा मारत हवा भरली आणि 150/90 लिहिले. गोळी सुरू. ती गोळी तो जन्मभर खाईल. 2024 मध्ये 'जामा इंटर्नल मेडिसिन'मध्ये आलेल्या एका प्रयोगात हात टेबलावर आधाराला न ठेवता मांडीवर ठेवला तर वरचा आकडा सुमारे 4 ने, आणि बाजूला लोंबता सोडला तर साडेसहाने जास्त आला. त्याच नियतकालिकात आदल्या वर्षी आलेला पट्ट्याच्या मापाचा अभ्यास आणखी बोलका आहे. ज्यांना सर्वात मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा बांधला तर सिस्टोलिक सरासरी 19.5 ने फुगते. उलट, कुपोषित बाईच्या काडीसारख्या दंडावर तोच पट्टा मोठा पडतो आणि बीपी कमी दाखवतो. गरोदरपणात 140/90 आणि 160/110 या दोन रेषांवर पुढचे सगळे निर्णय होतात. तिथे दहा-पंधराची चूक म्हणजे फिट (आकडी) येणार की नाही याचा प्रश्न. 'आधी नाडीवर बोट ठेवून सिस्टोलिक बघावे, मग स्टेथोस्कोप लावावा,' हे विद्यार्थी व्हायव्हात घडाघडा म्हणतो. परीक्षा संपली की नाडीवरचे बोट बीपीच्या वेळी पुन्हा कधी पडत नाही.

"आता मॉनिटर आहे की," असे तरुण सहकारी म्हणतात. मॉनिटर जरूर हवा, खिशातले अल्ट्रासाउंड तर हवेच हवे. फुप्फुसाभोवतीचे थोडे पाणी ठोकून शोधण्यापेक्षा प्रोबने बघितले तर माझी हरकत नाही. एगोफनीवाचून (स्टेथोस्कोपने छातीत ऐकायच्या आवाजाचे एक चिन्ह) कुणाचे अडलेले मला आठवत नाही. पण यंत्र काय दाखवते आणि केव्हा चुकते, हे हातानेच ताडून बघावे लागते. डिसेंबर 2020 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये आले की ऑक्सिमीटर 92 ते 96 दाखवत असताना धमनीतले ऑक्सिजन प्रत्यक्षात 88 च्या खाली असण्याचे प्रमाण गोऱ्या पेशंटांत 3.6 टक्के, तर कृष्णवर्णीयांत 11.7 टक्के होते. अभ्यास अमेरिकेतला, पण आपल्या वॉर्डातल्या त्वचेचा रंग आठवून तो वाचा. वर मेंदी, नेलपॉलिश, थंडीने गारठलेली बोटे. स्क्रीनवर 94 आणि पेशंटला एक वाक्य पुरे बोलता येत नाही, तर वाक्यावर विश्वास ठेवायचा.

आपण आणखी एक गोष्ट कधीच विचारत नाही: हात कुठे लावायचा नाही. सात-आठ महिन्यांच्या गरोदर बाईला अंगावरून रक्त जात असेल, तर वार (प्लॅसेंटा) खाली नाही हे सोनोग्राफीत कळेपर्यंत आतून तपासायचे नाही. एका बोटाने प्रलय येतो. लाळ गाळत, मान पुढे काढून घरघर श्वास घेणाऱ्या मुलाच्या घशात चमचा घालायचा नाही. मानेतल्या दोन्ही बाजूंच्या कॅरोटिड रक्तवाहिन्या एकाच वेळी दाबायच्या नाहीत. मोटारसायकलवरून पडलेल्याची मान 'जरा बघू' म्हणून उचलायची नाही. पाठ बघायची तर चार जणांनी मिळून एका ओंडक्यासारखे वळवायचे. पोटात विल्म्सची गाठ (मूत्रपिंडाचा कॅन्सर) असलेल्या पोराला बॅचमधल्या प्रत्येकाने दाबून बघायचे नाही. या प्रश्नांची तोंडी उत्तरे बहुतेकांना येतील. पण मुलाला आईच्या मांडीवरून न हलवता, घसा न उघडता त्याने काय काय टिपले, हे बघणारा परीक्षक मी फारसा पाहिला नाही.

परीक्षेच्या दिवशी आपण स्वतः काय करतो तेही बोलू. मोठी स्प्लीन असलेला पेशंट सकाळपासून पाठीवर झोपलेला. विद्यार्थ्यामागून विद्यार्थी येतो, त्याच डाव्या बरगडीखाली बोटे खुपसतो. दुखते म्हणून तोंड वाकडे केले तर परीक्षक विचारतो, "टेंडर आहे का, लिहिलं का?" कोपऱ्यात स्टुलावर इनॅमलचे घमेले, त्यात डेटॉलचे पांढुरके पाणी, शेजारी एकच नॅपकिन. दुपारपर्यंत तो पिळून निघेल इतका ओला. 1847 मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइस या डॉक्टराने दाखवले की शवविच्छेदनाहून थेट येऊन बाळंतिणींना तपासणारे विद्यार्थ्यांचे हातच त्यांना मारत होते. क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले तेव्हा दहा टक्क्यांवरचा मृत्युदर दोनच्या आसपास आला. आपण ही गोष्ट प्रश्न म्हणून विचारतो, त्याच घमेल्याशेजारी बसून.

पडदा, दार, बाई पेशंट असेल तर सिस्टर किंवा मावशी सोबत, आणि 'तपासू का?' एवढे विचारणे. याला वेगळा निधी लागत नाही. पडद्याच्या रिंगा तुटलेल्या असतात, त्या बसवायला लागतात.

अभ्यासक्रमातली तपासणी बदलता येत नाही, असे कुणी म्हणू नये. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यक विभागाचे डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी पाठपुरावा केला आणि 2019 मध्ये आपल्याच आरोग्य विज्ञान विद्यापीठाने 'कौमार्याची चिन्हे' हा अशास्त्रीय भाग अभ्यासक्रमातून काढायचे ठरवले. पुढे ऑक्टोबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलात्कारपीडितेच्या टू-फिंगर टेस्टवरची (योनीत दोन बोटे घालून केलेल्या तपासणीवरची) बंदी पुन्हा ठणकावून सांगितली आणि वैद्यकीय अभ्यासक्रम तपासून बघायला सांगितले. निरुपयोगी आणि अपमानकारक तपासणी काढता आली. मग जीव वाचवणारी घालता का येऊ नये?

त्यासाठी विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट बघायची गरज नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या क्षमताधारित अभ्यासक्रमात निरीक्षण करून गुण देण्याची मुभा आहे, ओएससीईची (ठरलेली छोटी कामे करून दाखवायच्या परीक्षेची) स्टेशने आपणच लावतो. चार स्टेशने बदलली तरी पुष्कळ. लाँग केसचे थोडे गुण कापावे लागतील; कापू या. ट्राउबेची जागा एखाद्या वर्षी नाही विचारली तर ट्राउबे रागावणार नाहीत. आणि केस पेपरवर श्वासाच्या रकान्यात 20 दिसले की राउंडला थांबून तिथेच, सगळ्यांसमोर, पूर्ण मिनिट मोजायचे. सुरुवातीला रेसिडेंट चुळबुळतात, कारण राउंड लांबतो. आठवडाभरात चार्टवर 17, 23, 26 असे आकडे दिसायला लागतात.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, एवढे साधे विचारले तर सगळेच पास होतील. एकदा विचारून बघा.

येत्या परीक्षेत मी काय विचारणार, ते इथेच सांगून टाकतो. पेशंटला कळू न देता, नाडीवर बोटे तशीच ठेवून एक मिनिट श्वास मोजून दाखवा. या तीन पट्ट्यांतला या दंडाला कुठला? पहाटे पोटदुखीने आलेल्या या माणसाच्या डोळ्यांत काय बघाल? या बाईंचे पाय तपासा, मोजे तुम्हीच काढा. मघाचा पेशंट तपासल्यावर हात कधी धुतलेत? आणि या मुलाला काय करणार नाही? विद्यार्थ्यांपर्यंत हे पत्र पोचले तर पेपर फुटला अशी तक्रार जरूर करा. तो मीच फोडला आहे.

आपला,
मेडिसिनचा एक परीक्षक